रोख संपणार का? हा प्रश्न देवळ्याच्या कांदा मार्केटमध्ये विचारून बघा

पीएचडीच्या प्रवेशाची तयारी करणारे विद्यार्थी विषय घेऊन येतात, तेव्हा काही विषय हमखास भेटतात. सध्या जोरात असलेला एक म्हणजे: "यूपीआय एवढं वाढतंय, मग रोख पैसा संपणार का?" विषय वाईट नाही. पण याच शब्दांत तो घेऊन गाइडसमोर बसलात, तर पहिल्याच बैठकीत अडकाल. "संपणार का" याचं उत्तर भविष्यात आहे आणि आपल्या हातातले कागद सगळे भूतकाळाचे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने भविष्य सांगू नये, ते काम करणारे इतर बरेच आहेत. आपल्याला विचारता येतं ते वेगळं: याआधी पैशाचं रूप बदललं तेव्हा जुनं रूप कोणाच्या हातून आधी गेलं, कोणाच्या हातात टिकलं, आणि का?

हा प्रश्न मी इथे एका जागी बसवून दाखवते. जागा म्हणजे नाशिक जिल्ह्यातला देवळा तालुका. कळवण, सटाणा, मालेगाव आणि देवळा यांची पहिली अक्षरं जोडून जो 'कसमादे' होतो, त्यातलं हे शेवटचं 'दे'. कांद्याचा पट्टा. देवळा आणि उमराणे या दोन्ही ठिकाणी कांद्याचे लिलाव होतात. मुंबई-पुण्यात बसून रोखीचा विचार केला की डोळ्यासमोर चहा, रिक्षा आणि भाजीवाला येतो, आणि उत्तर सोपं वाटायला लागतं. चहाच्या टपरीवर क्यूआर कोड देवळ्यातही लागलेला आहे. पण इथला मोठा पैसा टपरीवर फिरत नाही, तो ट्रॉलीतून येतो.

समजा तुम्ही शेतकरी आहात. पहाटे ट्रॅक्टर काढला, मार्केटच्या रांगेत लागलात, लिलाव झाला. ट्रॉलीत २५ क्विंटल कांदा आहे आणि भाव क्विंटलला १,६०० रुपये निघाला. (आकडे मी हिशेबाच्या सोयीसाठी घेतलेत, कांद्याचा भाव असा गोल कधी निघत नाही.) वजनकाटा झाला, व्यापाऱ्याच्या खळ्यावर माल खाली झाला, हमाली-तोलाई वजा होऊन हिशेबपट्टी हातात आली. सुमारे ४० हजार रुपये. आता ते तुम्हाला कसे मिळणार?

रोख मिळाले तर संध्याकाळपर्यंत त्यांचं काय होतं ते बघा. ट्रॅक्टर भाड्याचा असेल तर भाडं जातं. डिझेल जातं. कांदा काढणाऱ्या टोळीची मजुरी बाकी असते ती जाते. कृषी सेवा केंद्रावरची उधारी, निदान तिचा काही भाग. घरी पोचेपर्यंत गड्डी बरीच पातळ झालेली असते. म्हणजे व्यापाऱ्याने दिलेली रोख शेतकऱ्याकडे थांबत नाही, ती पाच-सहा हातांत वाटली जाते, आणि त्यातले बरेच हात असे असतात की ते उद्यापर्यंत थांबू शकत नाहीत.

चेक मिळाला तर? चेकवर रक्कम तीच असते, पण मिळायचा दिवस वेगळा. बँकेत टाका, वटायची वाट बघा. तेवढे दिवस ट्रॅक्टरवाला आणि टोळी तुमच्या दारात, आणि तुमचे पैसे व्यापाऱ्याकडे. थोडक्यात, त्या दिवसांपुरते तुम्ही व्यापाऱ्याला बिनव्याजी कर्ज दिलेलं असतं. विकलेल्या मालाचे पैसे त्याच दिवशी द्यायचे हा बाजार समितीतल्या व्यवहाराचा मूळ नियम आहे, तो उगाच आलेला नाही. आणि चेक वटलाच नाही तर? १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमात कलम १३८ आहे, १९८९ पासून चेक न वटणं हा गुन्हा आहे. पण त्यासाठी बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस द्यायची, समोरच्याला १५ दिवसांची मुदत द्यायची, मग महिन्याच्या आत कोर्टात तक्रार करायची. ऐन हंगामात कोर्टाच्या तारखा कोण सांभाळणार?

हा सगळा तपशील मी एवढा का सांगतेय? कारण 'रोख विरुद्ध डिजिटल' अशी जोडी वर्तमानपत्रातून उचलून आपण प्रबंधात आणतो, आणि बाजारात ती जोडी नसतेच. देवळ्याच्या शेतकऱ्याच्या लेखी जोडी आहे 'रोख विरुद्ध उधार'. चेक त्याच्यासाठी उधारीच्या बाजूला पडतो, मग तो बँकेचा कितीही अधिकृत कागद असो. आपली संकल्पना आणि माणसांची संकल्पना यांत फरक दिसला, की संशोधनाला खरी सुरुवात झाली असं समजा.

आता २०१६. ८ नोव्हेंबरच्या रात्री ५०० आणि १,००० च्या नोटा बाद झाल्या. चलनातल्या एकूण रकमेपैकी ८६ टक्के रक्कम या दोन नोटांमध्ये होती. लाल कांदा बाजारात यायला लागण्याचे ते दिवस. जिल्ह्यातले लिलाव काही दिवस बंद राहिले. १७ नोव्हेंबरला केंद्राने जाहीर केलं की बाजार समितीत नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला आठवड्याला ५० हजार रुपये रोख काढता येतील आणि शेतकऱ्याला २५ हजार. वरचा हिशेब आठवा. ५० हजारांत सव्वा ट्रॉली कांदा येतो. दिवसाला कितीतरी ट्रॉल्या घेणाऱ्या व्यापाऱ्याला आठवड्याची सोय म्हणून सव्वा ट्रॉली! दिल्लीत बसून आकडा ठरवणाऱ्याने कांद्याची ट्रॉली पाहिली नव्हती, एवढंच यावरून म्हणता येतं. लिलाव सुरू झाले ते चेकवर. पुढची वर्ष-दोन वर्षं जिल्ह्यात उशिरा वटणाऱ्या आणि न वटणाऱ्या चेकच्या तक्रारी, "रोखच द्या" म्हणून अडवलेले लिलाव, हे सगळं चालू राहिलं.

दुसरी गोष्ट याहून गंभीर. ग्रामीण भागातली पीककर्जं गावच्या विविध कार्यकारी सोसायटीतून येतात आणि सोसायट्या जिल्हा मध्यवर्ती बँकेला जोडलेल्या. १० ते १४ नोव्हेंबर या दिवसांत जिल्हा बँकांनी बाद नोटा स्वीकारल्या, १४ तारखेला रिझर्व्ह बँकेने त्यांना मनाई केली. स्वीकारलेल्या नोटा परत घ्यायचाही निर्णय लांबला. नाशिक जिल्हा बँकेकडे तीनशे कोटींहून अधिक रकमेच्या अशा नोटा पडून राहिल्या. त्या रिझर्व्ह बँकेत भरायची परवानगी देणारी अधिसूचना निघाली २० जून २०१७ ला. मधले सात महिने खातेदाराच्या पासबुकात आकडा होता आणि खिडकीवर पैसे नव्हते. ज्यांनी ते दिवस काढले, त्यांना "खात्यात जमा आहे" या वाक्याचा अर्थ तुमच्या-माझ्याइतका सरळ लागत नाही. प्रश्नावली तयार करताना "तुम्ही डिजिटल पेमेंट का वापरत नाही?" यापुढे 'अज्ञान', 'सवय', 'नेटवर्क नाही' एवढेच पर्याय टाकाल तर हे उत्तर कधीच सापडणार नाही.

गंमत म्हणजे त्याच जिल्ह्यात, नाशिकरोडला, १९२८ पासून चलार्थ पत्र मुद्रणालय आहे. त्या वर्षी पंचम जॉर्जचं चित्र असलेली पाच रुपयांची नोट इथे छापली गेली. त्याआधी हिंदुस्थानच्या नोटा इंग्लंडहून छापून यायच्या. नोटा ज्या जिल्ह्यात छापतात त्याच जिल्ह्यातल्या बँकेच्या खिडकीवर नोटा नाहीत, हे चित्र फार नाट्यमय आहे म्हणून मी प्रबंधात ते जपून वापरलंय. नोट कुठे छापली जाते याचा ती कुठे पोचते याच्याशी काही संबंध नसतो.

सरकारलाही हा प्रश्न कळत नव्हता असं नाही. कायद्यातल्या सवलती बघा. १९६१ च्या आयकर कायद्याने व्यापाऱ्याच्या रोख खर्चावर मर्यादा घातली, पण शेतकऱ्याकडून घेतलेल्या शेतमालाचे पैसे त्यातून नियमाने वगळले. २०१९ मध्ये कलम १९४-एन आलं: वर्षात एक कोटीपेक्षा जास्त रोख काढली की वरच्या रकमेवर २ टक्के कर कापायचा. १ सप्टेंबरपासून अंमल सुरू झाला आणि त्याच महिन्यात अधिसूचना काढून बाजार समितीच्या व्यापाऱ्यांना शेतकऱ्यांचे पैसे देण्यापुरती सूट द्यावी लागली. रोख कमी करण्यासाठी केलेला कायदा पहिल्याच महिन्यात बाजार समितीच्या दारात थांबला. उलट बाजूने, १ एप्रिल २०१७ पासून एका माणसाकडून एका दिवसात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही, आणि ही मर्यादा शेतकऱ्यालाही आहे. आपल्या हिशेबाने पाच ट्रॉल्या एकाच व्यापाऱ्याला दिल्या की ती गाठली. म्हणजे कायद्याने मोठा शेतकरी बँकेकडे ढकलला आणि लहान शेतकऱ्याची रोख तशीच ठेवली. अपवादांच्या अधिसूचना वाचत चला. धोरण काय म्हणतं ते भाषणात असतं, पण ते कुठे अडलं ते अपवादात सापडतं.

आता थोडं मागे जाऊ, कारण "डिजिटल म्हणजे नवं, रोख म्हणजे जुनं" ही समजूत नाशिक जिल्ह्यातच मोडते. पांडवलेणीच्या १० क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे, इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांतला. त्याने भिक्षूंसाठी तीन हजार कार्षापण गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेवले. दोन हजार एका श्रेणीकडे महिना शेकडा एक दराने, एक हजार दुसरीकडे शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. आणि हा व्यवहार निगमसभेत जाहीर करून फलकावर नोंदवल्याचं लेख सांगतो. नाणं एकदा श्रेणीकडे गेलं की पुढे चालतो तो नोंदीवरचा पैसा. म्हणजे खात्यातला पैसा या गोदाकाठी दोन हजार वर्षांचा तरी आहे.

त्याच नहपानाची चांदीची नाणी १९०६ साली सिन्नर तालुक्यातल्या जोगळटेंभीला सापडली, तेरा हजारांहून जास्त. त्यातल्या दोन तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. पराभूत राजाचं नाणं बाद करून वितळवण्याऐवजी त्यावरच नवा शिक्का मारला आणि ते चालू ठेवलं. नोटबंदीशी याची तुलना करायचा मोह होईल, आवरा. चांदीला स्वतःची किंमत असते, नोटेला नसते, आणि तुलना तिथेच संपते.

देवळ्याच्या जवळ या. वायव्येला बागलाणात मुल्हेर. मुघलांनी बागलाण घेण्यापूर्वी तिथल्या बागुल राजांच्या अमलात महमुदी नावाची चांदीची नाणी पडत. दक्षिणेला सातमाळ्याची रांग ओलांडली की चांदवड. तिथे होळकरांच्या काळात टांकसाळ होती, नाण्यावर नाव दिल्लीच्या शाहआलम बादशहाचं आणि टांकसाळीचं नाव 'जाफराबाद उर्फ चांदोर'. हाच चांदवडी रुपया. पुण्यात हाली सिक्का आणि अंकुशी रुपया, आणखी कुठे मल्हारशाही. रुपया म्हणजे एक गोष्ट नव्हतीच. कोणता रुपया, कुठे पाडलेला, किती घासलेला, यावर सराफ बट्टा कापायचा. आपण आज नावाला बट्टा लागला म्हणतो तो इथला. त्या काळात रोख घेणं आजच्यासारखं निश्चिंत नव्हतं. रोखीलाही मध्ये सराफ लागायचा. लांबच्या गावी पैसे पाठवायचे तर नाणी लादून नेण्यापेक्षा हुंडी बरी: दाखवली की पैसे द्यायचे ती दर्शनी, ठरलेल्या मुदतीने द्यायचे ती मुदती. मोठ्या सावकारांच्या पेढ्यांत मोठ्या रकमा हुंडीने फिरत आणि रयत नाण्यांच्या बट्ट्यात मार खात असे. याशिवाय गावात बलुत्याचं धान्य होतंच, तिथे नाण्याचं कामच पडत नसे.

मग कंपनी सरकारने १८३५ ला एकसारखा रुपया आणला आणि स्थानिक टांकसाळींचा जमाना सरला. १८६१ च्या कायद्याने सरकारी नोटा आल्या. पण नोट आली म्हणून लगेच चालली असं झालं नाही. देश चलनाच्या मंडळांत वाटलेला होता, एका मंडळाची नोट दुसऱ्या मंडळात कायद्याने चालेलच असं नसे. पाच रुपयांची नोट ब्रह्मदेश सोडून सगळीकडे चालू लागली १९०३ मध्ये, शंभरची १९११ मध्ये. म्हणजे पन्नास वर्षं. पहिल्या महायुद्धात चांदी टंचाईत आली म्हणून ३० नोव्हेंबर १९१७ ला एक रुपयाची नोट काढली, तर कित्येक ठिकाणी लोक ती बट्टा कापूनच घेत. आज ज्या कागदी नोटेला आपण 'रोख' म्हणतो, तिला आपल्या पणजोबांनी रोख मानलंच नसतं. रोख म्हणजे चांदीचा रुपया, वाजवून घेतलेला. तेव्हा "रोख संपणार का" विचारताना कोणती रोख ते सांगावं लागतं. चांदवडी गेला, चांदी गेली, 'रोख' हा शब्द मात्र पुढच्या वस्तूवर जाऊन बसला.

याच काळात शेतकऱ्याचा कागदाशी आलेला पहिला मोठा अनुभवही विसरू नका. मराठीत रोख आणि रोखा यांत फरक एका कान्याचा. रोख हातात असते, रोखा सावकाराच्या पेटीत. सारा रोखीत भरायचा, त्यासाठी कर्ज काढायचं, त्याचं खत सावकार लिहिणार, आणि ज्याच्या अंगठ्याचा ठसा त्यावर आहे त्याला ते वाचता येत नाही. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यात सुप्याला दंगा झाला, नगर जिल्ह्यातही पसरला. दंगेखोरांनी मागितली ती खतं, आणि जाळली तीही खतंच. पुढे १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांत दस्त गावच्या निबंधकासमोर करायची सक्ती केली, ऋणकोला पावती आणि पासबुक मागायचा हक्क दिला. नाशिक त्यात सुरुवातीला नव्हतं, पण शेजार तर होताच. यातून माझ्या कामासाठी मी उचललं ते एवढं: व्यवहाराची नोंद राहते ही गोष्ट आपोआप कुणाच्या बाजूची नसते. नोंद कोणाच्या ताब्यात आहे, वाचू कोण शकतो, आणि तिच्यावरून वसुली कोण करू शकतो, यावर ती कोणाच्या बाजूची ते ठरतं.

आता हे घेऊन परत मार्केटमध्ये या. चेकच्या दिरंगाईचा प्रश्न तंत्राने जवळजवळ सोडवलाय. एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस डिसेंबर २०२० पासून चोवीस तास चालतं. व्यापाऱ्याने मनात आणलं तर ट्रॉली खाली होईपर्यंत पैसे खात्यात येऊ शकतात. मग शेतकरी तरी रोखच का मागतो? मला मिळालेलं उत्तर थेट होतं: खातं ज्या बँकेत, कर्जही त्याच बँकेत. कर्ज थकलेलं असेल तर कांद्याचे पैसे खात्यात पडले की बँक त्यावर हात ठेवेल ही भीती. बँकेच्या बाजूने बघितलं तर दिलेलं कर्ज वसूल करणं तिचं कामच आहे, आणि या जिल्ह्यात थकबाकीने बँका कशा आजारी पडतात तेही आपण पाहिलंय. पण टोळीची मजुरी आधी द्यायची की हप्ता, हे ठरवायचा अधिकार शेतकऱ्याला स्वतःकडे हवा असतो. रोख मिळाली तर तो राहतो. यूपीआय कितीही वेगवान झालं तरी हा प्रश्न वेगाने सुटणारा नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की पैसे लगेच मिळावेत एवढ्यासाठीच जिथे रोख वापरली जात होती, तिथून ती जाईल, जातेच आहे. चहा, किराणा, पेट्रोल, मोबाइलचं रिचार्ज. पण मिळालेल्या पैशावर मधल्या कुणाचा हात पडू नये म्हणून जिथे ती वापरली जाते, तिथे ती टिकेल.

देशाच्या आकड्यांत हेच वेगळ्या तऱ्हेने दिसतं, आणि तिथे विद्यार्थी हमखास घसरतात, म्हणून थोडं सावकाश. यूपीआय एप्रिल २०१६ मध्ये सुरू झालं. २०२३-२४ या वर्षात त्यावर १३ हजार कोटींहून जास्त व्यवहार झाले, रक्कम सुमारे २०० लाख कोटी रुपये. त्याच वेळी चलनातल्या नोटा? ४ नोव्हेंबर २०१६ ला १७.७४ लाख कोटी, मार्च २०२४ अखेर सुमारे ३४.८ लाख कोटी. जवळपास दुप्पट. "बघा, रोख वाढली!" असं लगेच लिहू नका. मधल्या काळात अर्थव्यवस्थाही वाढली आणि महागाईही. देशाच्या उत्पन्नाशी नोटांचं प्रमाण नोटबंदीपूर्वी १२ टक्क्यांच्या आसपास होतं, मार्च २०१७ ला ९ च्या खाली आलं, कोविडच्या वर्षात १४ च्या वर गेलं आणि नंतर पुन्हा १२ च्या जवळ उतरलं. दुसरं, नोटांचा आकडा हा साठ्याचा आहे आणि यूपीआयचा आकडा प्रवाहाचा. विहिरीतलं पाणी आणि पाटातलं पाणी यांची थेट तुलना होत नाही. एकच नोट दिवसात पाच हात फिरली तरी ती साठ्यात एकदाच मोजली जाते. आणि घरच्या डब्यात वर्षभर न हलता पडली तरी एकदाच.

त्यातून एक धागा मात्र पकडता येतो. यूपीआयच्या त्या वर्षाच्या रकमेला व्यवहारांनी भागा, सरासरी येते दीड हजार रुपये. आणि मार्च २०२४ ला चलनातल्या एकूण मूल्यापैकी ८६.५ टक्के मूल्य एकट्या ५०० च्या नोटेत होतं. लहान देवाणघेवाण फोनवर चाललीय आणि मोठी नोट साठवायला राहतेय, असा अंदाज यावरून बांधता येतो. अर्थशास्त्रात याला चलनाच्या मागणीचा विरोधाभास म्हणतात. कांद्याच्या पट्ट्यात तो विरोधाभास वाटत नाही. भाव पडला त्या वर्षी डब्यातल्या नोटा काय कामाच्या असतात हे इथे कुणाला शिकवावं लागत नाही.

बाहेरचं एक उदाहरण देते, कारण मुलाखतीत ते विचारतातच. स्वीडन. युरोपातल्या पहिल्या बँकनोटा १६६१ मध्ये स्टॉकहोममध्ये निघाल्या, आणि रोखीशिवाय जगण्यात हाच देश जगात पुढे गेला. तिथल्या संसदेला २०१९ मध्ये कायदा करावा लागला की मोठ्या बँकांनी रोख काढण्या-भरण्याची सोय देशभर ठेवलीच पाहिजे. २०२१ पासून तो लागू आहे. म्हणजे रोख नको म्हणणाऱ्यांचा देशही ती पूर्ण जाऊ द्यायला तयार नाही, पण त्यामागे म्हातारी माणसं, दुर्गम भाग आणि संकटकाळाची तयारी ही कारणं आहेत. आपल्याकडचं कर्जवसुलीचं कारण तिथे शोधायला गेलात तर फसाल. तुलना करा, पण कारण उसनं आणू नका.

काम सुरू करायचं तर साधनं जवळच आहेत. १८८३ चं नाशिक जिल्ह्याचं गॅझेटियर उघडा, त्यात व्यापार आणि सावकारीवरचा मजकूर आहे. नाण्यांसाठी अंजनेरीची नाणेशास्त्र संशोधन संस्था, १९८० मध्ये स्थापन झालेली. मराठा टांकसाळींवरचा महेश्वरी आणि विगिन्स यांचा ग्रंथ तिनेच काढलाय. पेढ्यांच्या जुन्या चोपड्या घराघरांत आहेत, पण त्या मोडीत आहेत, तेव्हा मोडी शिका. पळवाट नाही. आजच्या काळासाठी सर्वांत सोपा आणि सर्वांत दुर्लक्षित कागद म्हणजे हिशेबपट्टी. एकाच घरातल्या दहा वर्षांच्या पट्ट्या मिळाल्या, तर रोख कुठे थांबली, चेक कधी आला, आरटीजीएस कधी सुरू झालं, हे तारखेनिशी लागतं. फोटो काढण्याआधी विचारा. नाव आणि खाते क्रमांक झाका. उत्पन्न किती असं थेट विचारू नका, लोक नाही सांगत, आणि का सांगावं? त्याऐवजी विचारा, "मागच्या ट्रॉलीचे पैसे आले, त्यातले पहिले कोणाला दिले?" या एका प्रश्नावर माणूस तासभर बोलतो.

आणि शेतकऱ्यापाशी थांबू नका. साखळीच्या पुढच्या टोकाला कांदा लावणाऱ्या बायकांची टोळी आहे. मजुरी एकराच्या हिशेबाने ठरते आणि टोळीत वाटली जाते. आजवर ती रोख, हातावर. आता काही शेतकरी टोळीच्या मुकादमाच्या फोनवर एकरकमी पैसे टाकतात. मुकादम ते काढून वाटतो, किंवा ज्या घरात फोन आहे त्या घरी पाठवतो. फोन बहुतेक वेळा नवऱ्याचा किंवा मुलाचा असतो. म्हणजे शेतात दिवसभर वाकून जिने लागवड केली, तिची मजुरी तिच्या हातात न येता घरातल्या दुसऱ्या कुणाच्या खात्यात पडते. यूपीआयच्या आकड्यांत हा व्यवहार 'यशस्वी' म्हणून नोंदला जातो. तिला तो कसा वाटतो, हे मी अजून पुरेशा जणींना विचारलेलं नाही. येत्या डिसेंबरमध्ये उन्हाळ कांद्याची लागवड सुरू झाली की मी उमराण्याच्या बाजूला असेन, बांधावर, दुपारच्या भाकरीच्या वेळी. तुमच्या भागात कापूस असो, द्राक्षं असोत की ऊसतोड, मजुरीचा दिवस कुठला ते आधी शोधा आणि त्या संध्याकाळी तिथे थांबा.